तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पण त्या कादंबऱ्या चांगल्या आहेत का?’

गेली पंचवीस वर्षं हा प्रश्न माझ्या मागे आहे. स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, भिशीत. आधी विचारतात, “अठराव्या शतकातल्या इंग्रज बायकांच्या कादंबऱ्या? म्हणजे जेन ऑस्टिन ना?” मी म्हणते, तिच्या आधीच्या आणि तिच्या बरोबरीच्या. मग जरा थांबून मुख्य प्रश्न येतो. “पण त्या चांगल्या आहेत का हो?”

विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, हे मला कळतं. तरी राग येतो. राग गिळून मी दर वेळी काहीतरी वेगळं उत्तर देते आणि घरी आल्यावर तेही चुकलं असं वाटतं. म्हणून आज लिहिते आहे.

जेन ऑस्टिनपासूनच सुरू करते, कारण ती तुम्हाला ‘चांगली’ म्हणून मान्य आहे. १८०३ साली तिची ‘सुझन’ नावाची कादंबरी लंडनच्या क्रॉस्बी कंपनीने दहा पौंडांना विकत घेतली. जाहिरात केली, पुस्तक काढलंच नाही. सहा वर्षं वाट बघून १८०९ मध्ये तिने ‘मिसेस ॲश्टन डेनिस’ असं खोटं नाव घेऊन प्रकाशकाला पत्र लिहिलं, की हस्तलिखित हरवलं असेल तर दुसरी प्रत पाठवते. उत्तर आलं: अमुक तारखेला छापू असं आम्ही कबूल केलं नव्हतं, दुसरीकडे छापलंत तर कारवाई करू, हवं तर दहा पौंड भरा आणि घेऊन जा. ते दहा पौंड भरायला १८१६ उजाडलं. पुस्तक निघालं १८१७ च्या डिसेंबरात, ‘नॉर्थँगर ॲबी’ या नावाने. ती त्याच वर्षीच्या जुलैत गेली होती. १८१० साल संपताना तिच्या नावावर एकही छापील कादंबरी नव्हती. नावावर म्हणायचं तर त्यानंतरही नव्हती, कारण १८११ ला आलेल्या पहिल्या पुस्तकावर फक्त ‘एका स्त्रीकडून’ एवढंच छापलं होतं. ती १८१० मध्येच गेली असती, तर तिच्याबद्दल कुणी काहीच विचारलं नसतं.

बायका नाव का लपवायच्या हे मराठी वाचकाला सांगायला नको. १९३३ साली विभावरी शिरूरकर कोण यावरून इथे काय गदारोळ झाला ते आपल्याला माहीत आहे. पैशांचं मात्र सांगते, कारण त्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही. फॅनी बर्नी या लेखिकेला १७७८ मध्ये ‘एव्हलिना’ या कादंबरीचे वीस गिनी, म्हणजे एकवीस पौंड, मिळाले. वडिलांच्या हस्तलिखितांच्या प्रती तीच करायची, छापखान्यातल्या लोकांना अक्षर ओळखू येईल म्हणून तिने अख्खी कादंबरी अक्षर बदलून लिहिली होती. अठरा वर्षांनी ‘कॅमिला’साठी तिने आधी वर्गणीदार जमवले, आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत आश्रयदात्यांची यादी असायची तशीच यादी पुस्तकात छापली. त्या यादीत तरुण जेन ऑस्टिनचंही नाव आहे. ॲन रॅडक्लिफला १७९४ मध्ये ‘मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ या कादंबरीचे पाचशे पौंड मिळाले, तेव्हा ती रक्कम ऐकून लोक चकित झाले. शार्लट स्मिथची गोष्ट वेगळी. कर्जबाजारी नवरा तुरुंगात, ती काही काळ त्याच्याबरोबर तिथेच राहिली. पुढे त्याला सोडून, मुलांचा संसार ओढत, दहा वर्षांत तिने दहा कादंबऱ्या लिहिल्या. आणि कायद्याने विवाहित बाईची कमाई नवऱ्याची. वेगळी राहत असली तरी ते पैसे त्याचेच.

आता ज्याबद्दल मला खरं लिहायचं आहे ते लिहिते.

माझी पीएच.डी.ची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, १९९९ साली झाली. विषय मिनर्व्हा प्रेसच्या लेखिका. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर विल्यम लेन नावाच्या माणसाचा हा छापखाना होता. वर्गणीच्या वाचनालयांसाठी तो कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या काढायचा आणि त्यांतल्या कितीतरी बायकांच्या असत. हॉलमध्ये तीसेक माणसं होती. सहकारी, दोन-चार विद्यार्थिनी, नवरा, शेवटच्या रांगेत सासूबाई, त्यांच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा. माझ्या गाईड मॅडम टेबलाच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या. बाहेरून आलेले परीक्षक सर मोठे विद्वान. सगळे प्रश्न इंग्रजीत झाले, मी बरी बोलले. शेवटी त्यांनी प्रबंध मिटला, चष्मा काढला आणि मराठीत विचारलं, “बाई, हे सगळं ठीक आहे. पण मला एक सांगा, या कादंबऱ्या चांगल्या आहेत का?”

मराठीत विचारल्यामुळे सगळ्या हॉलला प्रश्न कळला. सासूबाईंनीही मान वर केली. मी म्हणाले, “नाही सर. साहित्य म्हणून सुमारच आहेत. पण सामाजिक दस्तऐवज म्हणून त्यांचं महत्त्व आहे.” सर समाधानाने हसले, हॉल हसला, मीही हसले. दहा मिनिटांनी मी डॉक्टर झाले.

माझ्या प्रबंधात एकतीस कादंबऱ्यांची चर्चा आहे. त्या दिवसापर्यंत मी त्यांतल्या नऊ वाचल्या होत्या. उरलेल्या बावीस मला मिळाल्याच नव्हत्या. मायक्रोफिल्मला पैसे नव्हते, परदेशी ग्रंथालयात जाऊन बसायची सोय नव्हती, पदरात तीन वर्षांचं मूल होतं. हे सगळं खरं आहे. प्रबंधात मी त्या बाविसांबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं मांडलं होतं आणि तसं स्पष्ट म्हटलंही होतं, तिथे लबाडी नव्हती. लबाडी त्या एका शब्दात झाली. मॅडम पहिल्या दिवसापासून सांगत आल्या होत्या, पुस्तक हातात नसेल तर त्याला विशेषण लावायचं नाही. मी ‘सुमार’ म्हणाले तेव्हा त्यांनी टेबलावरचं पेन उचलून त्याला टोपण लावलं. नंतर चहाच्या वेळी माझ्या हातात कप देताना एवढंच म्हणाल्या, “विशेषण लावलंस.” पुढे कित्येक वर्षांनी मी त्यांना त्याची आठवण करून दिली, तर त्यांना ते आठवतही नव्हतं. मला कप कोणत्या रंगाचा होता तेही आठवतं.

मी त्या वेळच्या माझ्याशी फार भांडले आहे. मी तिला विचारते, “वाचल्या नाहीत, सांगता येणार नाही, एवढं म्हणायला काय झालं होतं?” ती उलट विचारते, “डिग्री अडली असती तर नोकरी पक्की झाली असती का? मिनर्व्हाच्या इलायझा पार्सन्सचंच बघ. नवरा गेला, आठ मुलं, पाय मोडलेला, ती पोट भरायला खंडांवर खंड भरत गेली. ते तुला चालतं. मग मी पोटासाठी एक शब्द बोलले तर?” यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पार्सन्सने दुसऱ्या कुणाचा अपमान करून खंड भरले नाहीत, एवढं मी म्हणते. पण ते मला पुरत नाही.

त्यानंतर काही वर्षं मी दुसऱ्या टोकाला गेले. वर्गात सांगायची, या सगळ्या थोर लेखिका, पुरुष समीक्षकांनी गाडून टाकलेल्या. दाखला द्यायला गोष्टही चांगली होती. ‘नॉर्थँगर ॲबी’त एक मुलगी दुसरीला सात भीतिदायक कादंबऱ्यांची नावं सांगते. शंभर वर्षं लोकांना वाटत होतं की ती नावं ऑस्टिनने गंमत म्हणून रचली. १९२० च्या दशकात कळलं की सातही पुस्तकं खरी आहेत. त्यांतल्या दोन पार्सन्सच्या. वर्ग भारावून जायचा. मग एका विद्यार्थिनीने त्यांतली एक, ‘कॅसल ऑफ वुल्फेनबाख’, इंटरनेटवरून उतरवून खरोखर वाचली आणि मला येऊन म्हणाली, “मॅडम, कंटाळा आला. सगळे सारखे बेशुद्ध पडतात.” मी तिला परिस्थिती समजावून सांगायला लागले. वाचनालयाला खंड हवे असत, लेखिकेला भाडं भरायचं असे. ती ऐकून घेत होती. तिचं म्हणणं बरोबर होतं आणि ‘परिस्थिती’ ही माझी दुसरी पळवाट होती, हे मला तेव्हाच कळलं. बाईने हलाखीत लिहिलं म्हणून वाक्य चांगलं होत नाही.

मग वाचायला बसले. स्कॅन केलेली पानं आता घरबसल्या मिळतात. त्या बावीस कादंबऱ्यांतल्या एकीबद्दल माझ्या प्रबंधात ‘लेखिका अज्ञात’ असं लिहिलेलं आहे. मिनर्व्हाची नव्हे, तुलनेसाठी घेतलेली, १७८९ साली डॉड्स्ली या प्रकाशकाने छापलेली ‘हार्टली हाउस, कलकत्ता’. पुस्तकावर नाव नव्हतं. २००७ मध्ये भारतात तिची नवी आवृत्ती निघाली तेव्हा मला नाव कळलं, फीबी गिब्ज. ते कसं सापडलं? १८०४ साली, म्हातारपणी, तिने लंडनच्या लिटररी फंडाकडे मदतीचा अर्ज केला, त्यात तिने लिहिलं की हे पुस्तक माझं आहे. तिचा मुलगा भारतात गेला तो परत आला नाही. जे नाव तिने पुस्तकावर घातलं नाही, ते तिला पैसे मागताना सांगावं लागलं. आणि मी त्या पुस्तकाचं एक पानही न बघता त्याला सुमार म्हटलं होतं.

आता वाचलं आहे, म्हणून सांगते. अर्धं पुस्तक मला आवडलं नाही. सोफिया नावाची मुलगी कलकत्त्याहून मैत्रिणीला पत्रं लिहिते, तिला पालख्या, मेजवान्या आणि हेस्टिंग्जसाहेब यांचं कौतुक आवरत नाही. आपल्या देशाबद्दल ते वाचताना मला मध्येच पुस्तक मिटावंसं वाटलं. पण एका तरुण ब्राह्मणाशी ती बोलू लागते, आणि तो तापाने जातो. तिथे त्या थिल्लर मुलीच्या पत्रांचा सूर बदलतो. तिला काय वाटतंय ते तिलाच नीट लिहिता येत नाही, आणि ते न येणं लेखिकेने बरोबर पकडलं आहे. ती पानं चांगली आहेत. हे विशेषण मी आता जबाबदारीने लावते.

शार्लट स्मिथची ‘ओल्ड मॅनर हाउस’ चांगली आहे, कुणाशीही वाद घालायला तयार आहे. पार्सन्सच्या दोन्ही मला जड गेल्या. एकतीसपैकी सव्वीस वाचून झाल्या. प्रबंध कपाटात आहे तसाच आहे, आणि व्हायवातलं उत्तर तर कुठे लिहिलेलंही नाही, की खोडता येईल.

सत्ताविसावी सध्या सुरू आहे, एलिनॉर स्लीथची ‘ऑर्फन ऑफ द ऱ्हाइन’, १७९८, चार खंड. दुसऱ्या खंडात आहे. जरा रेंगाळली आहे, पण अजून अर्ध्याहून जास्त बाकी आहे. संपली की विचारा.