लांडगा शिकवता कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

पालकसभेत, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी विचारतंच: सर, बकऱ्या खाणाऱ्या जनावराची बाजू पोरांना कशाला शिकवता? वाघाचं शिकवा.

वाघ ताडोबात. लांडगा आमच्या कारंजा तालुक्यात, गावच्या ई-क्लासवर, म्हणजे सरकारी चराऊ जमिनीवर आहे. सरकारदरबारी ती जमीन पडीक, पण काळवीट, ससे, लांडगे त्याच गवतावर जगतात. मग हायस्कूलच्या पोरांना दुसरं काय शिकवू?

पण ती डिसेंबरची गोष्ट सांगायलाच हवी. नववीच्या अकरा पोरांना घेऊन नाल्यावर गेलो होतो. दरडीत बीळ, ओल्या मातीत लांबट ठसे, आतून बारीक कुईकुई. पोरं श्वास रोखून उभी होती. "कुणाला सांगू नका," एवढंच मी म्हणालो. पिल्लं असताना बिळापाशी जायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी नेलं, पोरांचे ते चेहरे मला पाहायचे होते.

पाचव्या दिवशी बिळाच्या तोंडाशी जळक्या तुराट्या दिसल्या. धुरानं गुदमरलेली चार पिल्लं बाहेर पडलेली. डोळेही उघडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी माझ्याच वर्गातला एक जण स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. "सर, म्याच सांगतलं घरी." त्याच आठवड्यात त्यांची दुभती बकरी मेली होती आणि दोन करडं गेली होती. ती करडं बकरी ईदपर्यंत वाढवून विकायची होती. बकरीचा पंचनामा झाला, करडांचा झाला नाही. "मेलेलं दाखवा म्हणतात. लांडग्यानं नेलेलं कुठून दाखवू, सर?"

लांडगा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या बरोबरीनं आहे, देशात जेमतेम 3000 च्या आसपास उरलाय, हे सगळं त्याला पाठ होतं. पंचनामा कसा होतो हे मी कधी शिकवलंच नव्हतं. पोरांना जीव लागला की झालं, असं तेव्हा मला वाटायचं. त्याचाही जीव लागला होता. तो माझ्यासमोर रडला.

आता पहिला तास पंचनाम्याचाच घेतो: 48 तासांत वनखात्याला कळवा, मेलेलं जनावर हलवू नका, ठशांचे फोटो काढा, बकऱ्या बांधता तिथं रात्री जाळी लावा. एवढ्यानं भागतं का? नाही. नेलेल्या करडांचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या बहराइचहून लांडग्यांच्या हल्ल्यांच्या बातम्या आल्या तेव्हा एका आईनं विचारलं, "माह्या पोरीले नेलं त?" आपल्या भागात तसं कधी ऐकलं नाही, असं मी पटकन म्हणालो. खोटं नव्हतं ते. पण तिकडे लहान लेकरं गेली होती, आणि मला आधी लांडग्याची काळजी वाटली. ते तिच्या लक्षात आलं असावं.

तो मुलगा आता बकऱ्याच राखतो. मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. "सर, नाल्याकडं पुन्हा ठसे हायेत." कुठं, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.