पेन्सिलीतलं प्रश्नचिन्ह

कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये खनिजं गोळा करणाऱ्यांचा एक क्लब आहे. त्यांच्या लिलावात मी काडेपेटीएवढी एक डबी घेतली. आत कापसावर करडा खडा, खड्याच्या खोबणीत बदामी रंगाच्या पातळ षटकोनी पत्र्यांचा गुच्छ, जेमतेम हरभऱ्याच्या डाळीएवढा. खाली पिवळी पडलेली चिठ्ठी: ‘कॅटाप्लीआइट, मों सँतिलेर’. आणि नावापुढे पेन्सिलीनं काढलेलं प्रश्नचिन्ह.

त्या प्रश्नचिन्हानं माझे आठ महिने खाल्ले.

मी पुण्याची. वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हनसाइट, जळगावकडचा अपोफिलाइट, स्टिलबाइटचे मोरपिसासारखे गुच्छ हे सगळं बघत वाढले. आपल्या दख्खनच्या गारगोट्या बऱ्याचशा नजरेनं ओळखता येतात, त्यामुळे दोन संध्याकाळींत हा निकाल लावू असा माझा माज होता.

मों सँतिलेर हा मॉन्ट्रियलच्या पूर्वेला सपाट शेतांतून अचानक वर आलेला डोंगर. सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वी खालून घुसलेल्या शिलारसाचा. त्याच्या एका अंगाला मॅकगिल विद्यापीठाचं राखीव जंगल आहे, तिथला दगड उचलायचा नाही. दुसऱ्या अंगाला खडीची खाण आहे, आणि सगळी कीर्ती या खाणीची. चारशेहून जास्त खनिजं तिथे सापडली आहेत, त्यातली कित्येक जगात पहिल्यांदा तिथेच.

कॅटाप्लीआइटचा गाभा म्हणजे झिर्कोनियम नावाचा धातू. झिर्कोनियम साध्या ग्रॅनाइटात असलं की सिलिकाशी जमवून झिर्कॉन होऊन बसतं. केरळच्या काळ्या वाळूत मिळतो तोच, जड आणि टणक. पण शिलारसात ॲल्युमिनियमच्या मानानं सोडियम-पोटॅशियम फार झालं, तर झिर्कोनियम लवकर बाहेर पडत नाही. रसात विरघळून शेवटपर्यंत रेंगाळतं आणि अखेरीस सोडियम, पाणी यांना बरोबर घेऊन चित्रविचित्र सिलिकेटं बनवतं. कॅटाप्लीआइट त्यातलंच एक. ते पहिल्यांदा नोंदलं गेलं १८५० मध्ये, नॉर्वेच्या लांगेसुंड खाडीतल्या लोवेन नावाच्या बेटावरून. नावाचा ग्रीक अर्थ साधारण ‘आणखी काहींसोबत’, कारण ते कायम दुर्मीळ खनिजांच्या घोळक्यात सापडतं. हा अर्थ मी तेव्हा नुसताच वाचून सोडून दिला.

सुरुवात घरी. भिंगाखाली कडा स्वच्छ षटकोनी दिसल्या. काठिण्य बघायला सुईचं टोक लावलं तर एक पत्रा टचकन तुटला, तेव्हापासून सुई बंद. मग अंधारात लघुलहरी अतिनील दिवा धरला. पत्रे मख्ख राहिले, पण गुच्छाच्या बुडाशी साखरेसारखे पांढरे कण होते, ते कच्च्या कैरीसारखे हिरवे चमकले. मी ते पत्र्यांचेच तुकडे समजले. क्लबातले एक आजोबा म्हणाले, हिरव्या चमकेवर विसंबू नकोस, ती नमुन्यागणिक बदलते.

मग प्रयोगशाळा. पहिल्या ठिकाणी तीन मेलना उत्तर नाही. दुसऱ्या ठिकाणी पैसे भरून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मूलद्रव्यं तपासून मिळाली. अहवाल उघडला तर सोडियम, सिलिकॉन आणि फॉस्फरस! झिर्कोनियमचा पत्ताच नाही. दोन दिवस मी हा कुठला फॉस्फेट म्हणून पुस्तकं उलटत बसले. मग आलेख नीट पाहिला. इलेक्ट्रॉनांचा झोत पडला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं. फॉस्फरसची क्ष-किरण रेषा २.०१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आणि झिर्कोनियमची एक रेषा २.०४ ला. दोन्ही शिखरं एकमेकांत मिसळतात आणि सॉफ्टवेअरनं सोयीचं नाव चिकटवून दिलेलं. झिर्कोनियमची दुसरी, पक्की खूण १५.७ च्या आसपास असते, पण ती उठवायला १८ किलोव्होल्टच्या वरचा झोत लागतो. माझा नमुना १५ वर तपासला होता. पुन्हा विनंती, पुन्हा पैसे, ३० किलोव्होल्ट. या वेळी १५.७ ला छोटं पण निर्विवाद शिखर उभं होतं. आयुष्यात एवढा आनंद मला दहावीच्या निकालानंही झाला नव्हता.

पण तो टिकला नाही. दोन सोडियम, एक झिर्कोनियम, तीन सिलिकॉन, नऊ ऑक्सिजन आणि पाण्याचे दोन रेणू हे कॅटाप्लीआइटचं सूत्र. अगदी हेच सूत्र गेडोनेआइट नावाच्या दुसऱ्या खनिजाचंही आहे. ते १९७४ मध्ये याच डोंगरातून नोंदलं गेलं. मॅकगिलच्या स्फटिकशास्त्रज्ञ गॅब्रिएल डॉने यांचं नाव त्याला दिलं आहे. फरक आहे तो मांडणीचा. कॅटाप्लीआइटमध्ये सिलिकाचे तीन-तीन घटक गोल हात धरून कडी करतात, गेडोनेआइटमध्ये त्यांची नागमोडी साखळी होते. मूलद्रव्यं मोजून हे कधीच कळणार नाही. मी दोनदा पैसे भरून जे विकत घेतलं, ते दोघांनाही सारखंच लागू होतं.

बाबांचा दर रविवारी फोन. “काय गं, लागला का तुझ्या दगडाचा निकाल?” मी सांगायचे, सामान एकच आहे, भाजी कुठली ते कळत नाहीये.

उरला क्ष-किरण विवर्तनाचा, म्हणजे क्ष-किरण कसे विखुरतात त्यावरून अणूंची मांडणी ओळखण्याचा रस्ता. एका विद्यापीठातल्या संशोधक मुलीनं यंत्र मोकळं असताना बघते म्हणून कबूल केलं. भुकटी करायला माझ्याकडे माल नव्हता, पण तिच्या यंत्राला एकच कण पुरे होता. आदल्या रात्री मी ओल्या कुंचल्याच्या टोकानं तुटलेल्या पत्र्याचा तुकडा उचलला. श्वास रोखून, कारण शिंक आली असती तर संपलंच. सहज म्हणून एक पांढरा कणही दुसऱ्या कुपीत टाकला.

तिनं कण काचेच्या बारीक सुईवर चिकटवला आणि यंत्राचं दार लावलं. पत्र्याचा निकाल तासाभरात आला: कॅटाप्लीआइट. मी सामान आवरायला लागले, तर ती म्हणाली, दुसरा कणही लावूया, आलीच आहेस तर. त्याची मोजमापं पत्र्याशी कुठेच जुळेनात. तो गेडोनेआइट निघाला.

म्हणजे त्या डाळीएवढ्या गुच्छात दोघंही शेजारी बसले होते. ज्या कुणी ती चिठ्ठी लिहिली, त्याला भिंगाखाली तो पांढरा भाग खटकला असणार. यंत्र नसताना त्यानं प्रामाणिकपणे पेन्सिल उचलली.

नवी चिठ्ठी मी शाईनं लिहिली. दोन नावं, जागा, तपासाची तारीख. ती डबीत मावेना, म्हणून दुमडली आणि जुनीच्या खाली सरकवली. जुनी वरच आहे, प्रश्नचिन्हासकट.