साहेबांना कवटीसोबत फोटो हवा होता

जोहान्सबर्गला एका कंपनीत मी सीएसआयचं काम बघते, म्हणजे कंपनीने समाजकार्याला पैसे द्यायचं काम, आपल्याकडच्या सीएसआरचंच भावंड. शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या या फायलींत एकदा जीवाश्म जतनाची फाइल आली आणि पैसे नेमके कशावर जाणार ते बघायला मला लॅबमध्ये पाठवलं. साहेबांची सूचना एकच, कवटीसोबत फोटो काढून आण, मागे बॅनर दिसला पाहिजे.

बॅनर काखोटीला मारून गेले. आत कवटीबिवटी काही नाही, एक बाई भिंगाखाली दगडाचा गोळा घेऊन बसलेल्या, हातात हवेच्या दाबावर चालणारी पेनाएवढी छिन्नी, आवाज थेट दाताच्या डॉक्टरकडचा. तो दगड म्हणजे ब्रेचिया, गुहेतली माती, खडे, हाडं सगळं चुन्याने एकजीव झालेलं, जवळजवळ काँक्रीटच. आणि हाड त्या दगडापेक्षा मऊ, म्हणजे हात जरा घसरला की लाखो वर्षं टिकलेलं आपल्या डोळ्यांदेखत गेलं. सकाळपासून किती झालं विचारलं तर त्यांनी नखाएवढा भाग दाखवला. मी मनात म्हटलं, हे स्लाइडवर दाखवू कसं?

चहाच्या वेळी त्यांनी लिटल फूट नावाच्या सांगाड्याची गोष्ट काढली. 1994 ला रॉन क्लार्क या शास्त्रज्ञांना जोहान्सबर्गजवळच्या स्टर्कफोंटेन गुहेतल्या जीवाश्मांच्या जुन्या खोक्यात, प्राण्यांची म्हणून ठेवलेल्या हाडांत, मानवाच्या पूर्वजाच्या पायाची चार हाडं मिळाली. मग 1997 ला त्यांनी नडगीच्या तुटक्या हाडाची प्रतिकृती स्टीफन मोत्सुमी आणि न्क्वाने मोलेफे या आपल्या सहायकांच्या हातात दिली, आणि या दोघांनी नुसत्या हातदिव्यांवर, त्या अंधाऱ्या गुहेत, दोन दिवसांत बरोब्बर जुळणारं टोक शोधून काढलं! शोधायला दोन दिवस, पण सांगाडा दगडातून सोडवून लोकांपुढे यायला 2017 उजाडलं. एवढी वर्षं तिथे राबणाऱ्यांचा पगार कोणीतरी देतच असणार ना. आणि खरं सांगते, आमच्याकडे आलेल्या प्रस्तावात 'पगार' या ओळीला मीच लाल गोल केला होता, कमी करा म्हणून. परत आल्यावर पहिलं काम केलं ते तो गोल खोडायचं.

फोटो काढला, दगडासोबतच. साहेब झूम करून करून बघत म्हणाले, यात काय आहे?

मग मंजुरीचा ऑनलाइन फॉर्म भरायला घेतला. 'काम कधी पूर्ण होणार' या रकान्यात मी लिहिलं, हाड सुटेल तेव्हा. लाल अक्षरात एरर आली, तारीख टाका.

31 डिसेंबर टाकली.