टेपचं दुसरं टोक

मार्कंडा देवस्थानाचे दगड जीर्णोद्धारासाठी उतरवायला घेतले, त्याआधीची ही गोष्ट. जुन्या वास्तूंची मोजमापं घेऊन नकाशे काढायचे, हे माझं काम. मे महिना होता, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यात दहानंतर दगडाला हात लावायची सोय नाही. चामोर्शीहून पहाटेच निघालो. दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा इथं वळून उत्तरवाहिनी होते, म्हणून हे तीर्थ. महाशिवरात्रीला काठावर पाय ठेवायला जागा नसते. त्या सकाळी मात्र आवारात आम्ही आणि चारदोन शेळ्या.

टेपचं दुसरं टोक धरायला गावातले एक आजोबा मिळाले. बाहेरच्या भिंतीवर मूर्तींच्या एकावर एक तीन रांगा, त्यात भिंतीचा प्रत्येक कोन आत-बाहेर होतो. काम सरकता सरकेना. आजोबांना ते पथ्यावरच पडलं. मृकंडू ऋषीला वरदानानं पोरगा झाला, पण आयुष्य सोळाच वर्षांचं. सोळावं सरलं तसा यम फास घेऊन हजर. मार्कंडेय पिंडीला मिठी मारून बसला, फास पिंडीसकट पडला आणि महादेव आतून बाहेर आले.

"अशी लाथ हानली जी यमाले!" लाथ दाखवण्याच्या भरात टेपचं टोक सुटलं, माप पुन्हा घ्यावं लागलं.

देऊळ हेमाडपंतानं एका रात्रीत बांधलं, हेही त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "हेमाडपंत यादवांचा, तेराव्या शतकातला. हे काम त्याच्या आधीचं आहे, आजोबा."

"असन बाप्पा," म्हणाले, आणि रात्र पहिल्यासारखीच पुढं चालू.

मंडपात शिरलो तेव्हा ओळंबा सोडायला धड जागा सापडेना. नाजूक नक्षीच्या खांबांमध्ये ओबडधोबड, जाडजूड खांब आणि कमानी घुसवलेल्या. फार पूर्वी वीज पडली, शिखराचा वरचा भाग मंडपावर कोसळला. पुढं चांद्याच्या गोंड राजानं हे टेकू दिले. अभ्यासू मंडळी या खांबांना नाकं मुरडतात. मला ते आवडतात. शिखर पुन्हा रचणं जमलं नाही, तर निदान छत तरी तोलून धरलं. नकाशात मी ते वेगळ्या रेघांनी दाखवले, म्हणजे उद्या कोणी मूळचे समजायला नको.

मला जरा खोडी काढावीशी वाटली. "आजोबा, ज्यानं यमाला पिटाळलं, त्याच्याच डोक्यावर वीज कशी पडली?"

त्यांनी टेप गुंडाळता गुंडाळता सांगितलं, "वीज यमाच्या खात्यात नाई येत जी. ते इंद्राचं काम."

यावर काय बोलणार?

ऊन चढलं होतं, मी वही मिटली. तर आजोबा जागचे हलेनात. "आनि यमाचं?" लाथ खाल्लेल्या यमधर्माचंही देऊळ याच आवारात दाखवतात. माझ्या यादीत ते नव्हतं, पैसे मुख्य देवळाचेच मिळणार होते. मी तसं सांगितलं.

"इथवर येऊन त्याले सोडून जाता काय?" म्हणत त्यांनी टोक भिंतीला लावलंसुद्धा. पत्र्याची टेप हाताला चटके देत होती. लांबी, रुंदी, दाराची उंची, एवढं घेतलं आणि वहीच्या मागच्या पानावर आकृती काढली. आजोबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि दार जरा बारीक काढलंय म्हणाले.