सोलापुरात जिओकॅशिंग: चार पुतळ्यांपासून कुडलच्या संगमापर्यंत

सोलापुरात जिओकॅशिंग (जीपीएसवर लपवलेले डबे हुडकायचा खेळ) जमतं का? जमतं. फक्त अॅप उघडून आसपासचे डबे बघायला बसलात, तर फारसं काही हाती लागणार नाही. परदेशात चौकाचौकात डबे असतात, आपल्याकडे तशी गर्दी नाही. म्हणून आम्ही आपला घरचाच खेळ मांडला. एका गटाने आठवडाभर आधी जागा हेरून कोडी रचायची, दुसऱ्याने रविवारी ती सोडवत फिरायचं. मी शोधणाऱ्यांत. सोबत कॉलेजातला भाचा, शेजारच्या वहिनी आणि त्यांची दोन मुलं.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कोणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. तुम्ही जीपीएसवर तिथे पोचायचं, डबा हुडकायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. आतली एखादी वस्तू घेतलीत तर तेवढ्याच तोलाची दुसरी ठेवायची. जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये अमेरिकेने मुद्दाम घातलेली चूक 2 मे 2000 रोजी काढून टाकली. त्याआधी यंत्र शंभर मीटरपर्यंत गंडायचं, डबा शोधणार कसा? दुसऱ्याच दिवशी, 3 मेला, डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली आणि तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला. तिथून हा खेळ जगभर पसरला.

पत्ता वाचताना एक गोष्ट सांभाळा. या खेळात आकडे अंश आणि मिनिटांत देतात, फोनवरचे नकाशे मात्र बहुधा दशांश अंशांत दाखवतात. 17 अंश 40 मिनिटं म्हणजे 17.667, 17.40 नव्हे. हा घोळ झाला तर सोलापूर शहरातला डबा सुमारे 30 किलोमीटर दक्षिणेला, भीमेच्या अंगाला जाऊन पडतो. मिनिटाच्या तिसऱ्या दशांशाची किंमत मात्र दोन मीटरसुद्धा नाही, त्यामुळे तिथे डोकं फोडत बसू नका. फोनची अचूकताच मोकळ्या जागी चार-पाच मीटरची असते.

सकाळी सातला पार्क चौकाजवळच्या चार पुतळ्यांपासून सुरुवात. इथे डबा नव्हता, नुसतं कोडं होतं. पुढच्या पत्त्यातल्या काही आकड्यांच्या जागी रिकाम्या चौकटी, आणि त्या भरायच्या हुतात्म्यांच्या फाशीच्या तारखेवरून. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना 1930 च्या मार्शल लॉनंतर येरवड्यात फाशी दिली, हे प्रत्येक सोलापूरकराला ठाऊक असतं. तारीख विचारली की मात्र माणूस अडखळतो. भाचा फोन काढणार तेवढ्यात वहिनींनी पेपर विकणाऱ्या काकांना विचारलं. त्यांनी गड्डी बांधता बांधता सांगितलं, "बारा जानेवारी एकतीस. दरसाल हितं कार्यक्रम असतो की ओ." बेरजा-वजाबाक्या तिथेच कठड्यावर वही ठेवून झाल्या.

पट्टीचे खेळाडू सांगतात की आजूबाजूच्यांना सुगावा लागू देऊ नका, नाहीतर कोणी डबा पळवतो. सोलापुरात हे विसरा. इथे झाडाखाली दोन मिनिटं वाकून उभे राहिलात की तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी गाडी लावून विचारतंच, "काय हुडकालाव ओ? किल्ली पडली का?" चोरून केलंत तर संशय वाढतो, सांगून टाकलंत तर तोच माणूस तुमच्याबरोबर दगड उचलायला लागतो. माझ्या मते तर इथला निम्मा खेळ हाच आहे.

पुढचा पत्ता भुईकोट किल्ल्याचा निघाला. किल्ला बहमनी काळातला, पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित. म्हणजे आत डबा ठेवायचा नाही, भिंतीच्या फटीत चिठ्ठी कोंबायची नाही, चुन्यावर खूण करायची नाही. लपवणाऱ्यांनी ते नीट पाळलं होतं. सगळं मोजण्यावर ठेवलेलं: आत जाताना किती दरवाजे लागतात, अमुक बुरुजावरून सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला काय दिसतं, असं. उत्तरं इथे फोडत नाही, पुढच्यांचा विचका होईल. तट जाडजूड असल्याने त्याच्या कडेला फोन वेड्यासारखा वागतो. सिग्नल दगडावर आपटून येतो आणि निळा ठिपका खंदकात उड्या मारतो. अशा वेळी दहा-पंधरा पावलं मोकळ्यात या, अर्धा मिनिट थांबा, मग आकडा बघा. बरोबर लहान मुलं असतील तर तटावर आणि खंदकाच्या बाजूला त्यांचा हात सोडू नका. स्क्रीनकडे बघत चालणाऱ्या मोठ्यांचाही.

शहरात खराखुरा डबा ठेवूच नका, असं मी म्हणेन. रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, देवळं, कोर्ट या भागात बेवारस डबा दिसला की पोलीस येणार, आणि ते बरोबरच आहे. ठेवायचाच असेल तर मालकाची परवानगी असलेल्या जागी, पारदर्शक डब्यात, वर ठळक मराठीत 'हा खेळाचा डबा आहे' असं लिहून आणि आपला फोन नंबर घालून.

तसा डबा आम्हाला मिळाला तुळजापूर रस्त्याला, हिप्परग्याच्या अलीकडे, मित्राच्या शेतात. जाताना तलावावर थांबाच. आदिला नदीवरचा हा एकरुख तलाव 1871 साली पूर्ण झाला. हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात, दुर्बीण असेल तर न्या. आम्ही फार रेंगाळलो नाही, कारण मित्राने हुरड्याचं आमिष दाखवलं होतं.

शेतात फोनने शून्य मीटर दाखवलं आणि बाण गोल फिरायला लागला. इथून पुढे फोन खिशात घाला, त्याचं काम संपलं. आता डोळे. समोर बांध, बांधावर बाभळ आणि धोंड्यांची रास. मुलांनी झाडाची ढोली पाहिली, भाच्याने मुळं पाहिली. वहिनी मात्र राशीपुढे नुसत्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा दगड उलटा आहे." खरंच. बाकी सगळे धोंडे वरून उन्हाने पांढुरके, हा एकच वरून काळपट, मातीचा ओला थर वाळून भेगाळलेला. जमिनीत रुतलेली बाजू वर आली होती. काठीने तो ढकलला तर खाली घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. आत पिशवीत रेघांची वही, पेन्सिल, बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या, काचेच्या गोट्या, सोलापुरी चादरीचा बोटभर रंगीत तुकडा आणि कोणीतरी प्रेमाने ठेवलेली शेंगदाण्याची चिक्की. चिक्कीला मुंग्यांनी आमच्याआधी शोधलं होतं. खायचं काहीही डब्यात ठेवू नये, हा नियम उगाच नाही. पेनही नको, उन्हाने शाई वाळते.

काठी म्हटलं ते गमतीने नव्हे. धोंड्यांच्या राशीत फुरसं आणि विंचू दोन्ही असतात. हात आधी घालायचा नाही, काठी आधी. पायात बूट आणि पूर्ण पँट हवी. लोकरी मोजे नकोत, नाहीतर कुसळं काढण्यातच दुपार जाईल. पावसानंतर दोन-चार दिवस तरी काळ्या रानात जाऊ नका, बूट किलो-किलोचा होतो आणि पिकाचंही नुकसान.

शेळ्या राखणारे एक आजोबा लांबून बराच वेळ बघत होते. जवळ येऊन हळूच विचारलं, "घावलं का? किती हाय?" गावाकडे खजिना हा शब्दच तोंडातून काढू नका. गुप्तधनाची कुजबुज संध्याकाळपर्यंत चार वाड्यांत पोचते आणि रात्री कोणीतरी बांध उकरून ठेवतो. मुलांचा खेळ आहे, एवढंच सांगा आणि डबा उघडून दाखवा. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय डबा जमिनीत पुरायचा नाही, हा तर या खेळाचा जागतिक नियमच आहे. आजोबांनी गोट्या बघितल्या, हसले आणि वहीत अंगठा उमटवू का म्हणाले. शाई नव्हती, मग भाच्याने त्यांचं नाव लिहिलं. नंतर आगटीभोवती गरम हुरडा, शेंगाचटणी आणि गूळ. इथे दीड तास धरून ठेवा, अर्ध्या तासात कोणी उठत नाही.

दुपारी उलट्या दिशेला, विजापूर रस्त्याने हत्तरसंग कुडल. शहरातून साधारण 40 किलोमीटर. मंद्रूप, तेरा मैल करत टाकळीच्या बाजूला जायचं आणि फाटा विचारून घ्यायचा. पेट्रोल शहरातच भरा, पाणीही शहरातूनच न्या. भीमा आणि सीना इथे मिळतात. हरिहरेश्वराच्या मंदिरात एकाच शिवलिंगावर 359 मुखं कोरलेली आहेत, मुलं ती मोजायला बसली आणि कंटाळून उठली. संगमेश्वराच्या मंदिरात तुळईवर शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आहे. शेवटची ओळ: 'वाछि तो विजेया होईवा'. जो वाचेल तो जिंकेल! लपवणाऱ्यांपैकी एक जण नदीकाठी सतरंजी टाकून बसला होता, पुढ्यात तीन आकडी कुलूप घातलेली पेटी. आकडा शिलालेखातला. भाच्याने इसवी सनाशी झटापट केली, मुलीने शके वाचून 940 लावला आणि कुलूप सुटलं. आता हे फोडलंच आहे, तर पुढच्या वेळी आकडा बदललेला असेल. शिलालेखाला हात लावू नका, फोटोसाठी खडू-पाणी तर अजिबात नको. तिरपा उजेड पडला की अक्षरं आपोआप उठून दिसतात. म्हणूनच दुपार कलल्यावर पोचा आणि अंधाराआधी मुख्य रस्त्याला लागा.

डिसेंबर ते फेब्रुवारीची सुरुवात, एवढाच या फेरीचा हंगाम. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात धोंडे उलटण्याचा विचारही करू नका. संक्रांतीच्या आसपास सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा शहरातला टप्पा टाळा, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावर गाड्या चालत नाहीत. पुढची फेरी मात्र त्यावरूनच सुचली आहे: सिद्धरामेश्वरांनी सोलापूरभोवती स्थापन केलेली 68 लिंगं. डबा एकही नाही, प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न. पायी करायची, त्यामुळे एका दिवसात आटपण्याचा हट्ट नाही.

शेतातला डबा अजून जागेवर आहे. ज्वारी काढायला लागली की मित्र तो विहिरीच्या कठड्याजवळ हलवणार आहे, तेव्हा निघण्याआधी नवे आकडे मागून घ्या. आणि जाताना त्या आजोबांसाठी शाईचा पॅड न्या.