भिंतीबाहेरची शकीरा

कोलंबियातल्या बारान्कियाच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि आईची ओढणी उडाली. फेब्रुवारीत इथे कॅरिबियन समुद्रावरून सारखा वारा येतो. ऊन आपल्या एप्रिलसारखं आणि वारा थेट अंगाला झोंबणारा. एका हातात बॅग, दुसऱ्यात ओढणी धरून आई म्हणाली, "हिच्या गावात पोचलो खरं. आता ती बरी झाली का, ते विचार आधी."

ती म्हणजे पॉप गायिका शकीरा. दोन दिवसांपूर्वी, १६ फेब्रुवारी २०२५ला, पोटाच्या दुखण्याने ती पेरूतल्या लिमाच्या रुग्णालयात भरती होती आणि त्या रात्रीचा कार्यक्रम रद्द झाला होता. आमची तिकिटं २०ची, म्हणजे जेमतेम चार दिवस मध्ये. फ्लोरिडाहून निघताना मी फोनवर बातम्या चाळत होते आणि आई शेजारी बसून, "पेज द्या म्हणावं तिला कुणीतरी, मीठ घालून," असं पुटपुटत होती.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगते. मी फ्लोरिडात राहते, आणि आई सहा महिन्यांसाठी डोंबिवलीहून आली होती. सात वर्षांनी शकीराचा जागतिक दौरा निघाला. नाव 'लास मुहेरेस या नो योरान', म्हणजे 'बायका आता रडत नाहीत'. २०२४च्या अल्बमचंच नाव. ११ फेब्रुवारीला रिओ दि जानेरोत पहिला कार्यक्रम, मग साओ पाउलो, लिमा आणि नंतर कोलंबिया. जूनमध्ये ती मायामीला येणारच होती, आमच्या घरापासून गाडीने पाऊण तास. नवरा म्हणाला, "मग एवढा आटापिटा कशाला?" आई एप्रिलमध्ये परत जाणार होती, हे एक कारण होतंच. पण खरं सांगायचं तर मला शकीराला तिच्या गावात ऐकायचं होतं. पंढरपूरचा अभंग दादरच्या सभागृहातही ऐकता येतो, तरी लोक वारीला जातातच ना!

व्हिसाचं मात्र सोपं निघालं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असेल आणि त्याची मुदत पुरेशी उरली असेल, तर कोलंबियाचा वेगळा व्हिसा लागत नाही. आईच्या दहा वर्षांच्या व्हिसाचा असा उपयोग होईल असं वकिलातीत तिची मुलाखत घेणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

आणि आणखी एक जुना हिशोब होता. २५ मार्च २००७ला शकीरा मुंबईत आली होती, वांद्रे-कुर्ला संकुलात. मी कॉलेजात. तिकिटाचे पैसे म्हणजे आमच्या घरचा महिन्याचा किराणा. घरी 'मैत्रिणीकडे सबमिशन' सांगितलं आणि दादाबरोबर जाऊन मैदानाबाहेर उभी राहिले. पत्र्याच्या कुंपणापलीकडे उजेडाचे झोत हलत होते आणि वाऱ्याबरोबर आवाज कधी यायचा, कधी रिक्षांच्या भोंग्यांत बुडायचा. दोन गाणी ओळखता आली. बाकीचं आम्ही मनानेच भरून काढलं. आदल्याच वर्षी एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात तिने फराह खानने बसवलेला हिंदी सिनेमाच्या ढंगाचा नाच केला होता, त्यामुळे ती थोडी आपलीच आहे असं तेव्हा वाटायचं.

राहायला आम्ही एका घरातली वरची खोली घेतली होती. घरमालकीण साठीच्या आसपासची, आवाज खणखणीत. मला स्पॅनिश कामापुरतं येतं, आईला अजिबात नाही. त्यातून इकडचे लोक शब्दांच्या शेवटचा 'स' गिळतात, त्यामुळे माझंही अर्धं ज्ञान वाया. पण त्यांच्या बोलण्यात दर वाक्याला एक शब्द येतो, 'अहा'. हो, बरं, मग, पुढे काय, कशी आहेस, सगळ्याला 'अहा'. आईने पहिल्या संध्याकाळीच तो उचलला आणि तेवढ्यावर तीन दिवस काढले. मालकीणबाई तिला 'मी रेइना' म्हणायच्या, माझी राणी. मी शकीराच्या तब्येतीचं विचारलं तर त्या म्हणाल्या, "ती इथे आली की बरी होते." जणू सासरहून मुलगी यायचीय.

दुसऱ्या दिवशी माग्दालेना नदीकाठी गेलो. नदी इथून थोड्याच अंतरावर समुद्राला मिळते आणि तिचं पाणी पावसाळ्यातल्या उल्हास नदीसारखं गढूळ तपकिरी. या काठावर शकीराचा पुतळा आहे, साडेसहा मीटर उंच, ब्राँझचा. डिसेंबर २०२३मध्ये तो उभारला तेव्हा तिचे आईवडील हजर होते. हात वर करून कंबर झटकतानाचा क्षण पकडलाय. पायथ्याच्या पाटीवर तिच्या हृदयाचं, कमरेचं, आवाजाचं कौतुक आहे आणि शेवटी अनवाणी पायांचं. तिने १९९७मध्ये सुरू केलेल्या संस्थेचं नाव 'पिएस देस्काल्सोस', म्हणजेच अनवाणी पाय. ही संस्था गरीब वस्त्यांत शाळा बांधते आणि त्यातल्या काही याच शहरात आहेत. आई निवृत्त शिक्षिका. पुतळ्यापेक्षा तिला शाळांमध्ये जास्त रस. "पटसंख्या किती असेल गं?" हा तिचा पहिला प्रश्न. पुतळ्याबद्दल तिचं मत एका वाक्याचं होतं: "नाक नीट जमलेलं नाही."

पुतळ्याभोवती फोटोसाठी रांग होती. लहान मुली, त्यांच्या आज्या, फुटबॉलचे शर्ट घातलेले बाप्ये, सगळे एक हात वर करून कंबर बाजूला काढून उभे. आईनेही काढला तसा फोटो. तो मी इथे टाकणार नाही, तशी सक्त ताकीद आहे.

१ मार्चपासून कार्निव्हल होतं, त्यामुळे गावभर आधीच पताका लागलेल्या. दुकानांत मारिमोंदाचे मुखवटे टांगलेले: लांब सोंड, मोठाले कान, बटणासारखे डोळे. "हा कुठला गणपती?" आईने विचारलं. मारिमोंदा म्हणजे कार्निव्हलमधलं सोंग, बड्या लोकांची टर उडवणारं. म्हणजे आमच्याकडचा विदूषक आणि सोंगाड्या एकाच चेहऱ्यात.

खाण्यावर वेगळा लेख लिहावा लागेल, तरी तीन गोष्टी सांगतेच. एक, कोरोसो नावाच्या फळाचं लालभडक आंबट सरबत. पहिला घोट घेतल्यावर आईच्या तोंडून आपसूक 'आमसूल!' निघालं. दोन, कारिमान्योला: युकाच्या उकडलेल्या लगद्यात सारण भरून तळलेला लांबट वडा. युका म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. चीज भरलेला मिळाला तर उपासाला चालेल का, यावर आम्ही रस्त्यात उभं राहून बराच वाद घातला. तीन, किब्बे. हा लेबनीज पदार्थ इथे नाक्यानाक्यावर मिळतो, कारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लेबनॉन-सिरियाची कितीतरी कुटुंबं याच बंदरात उतरली. शकीराच्या वडिलांचं घराणं लेबनीजच. तिच्या नावाचा अरबीतला अर्थ 'कृतज्ञ', आणि आपण 'शुक्रिया' म्हणतो तोही त्याच धातूतून आलेला. हे सांगितल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग तिच्या आईला नाव ठेवता येतं चांगलं."

२० तारखेला दुपारीच निघालो. मेट्रोपोलितानो स्टेडियम शहराच्या दक्षिण टोकाला, १९८६मध्ये बांधलेलं, कोलंबियाचा फुटबॉल संघही इथे खेळतो. मुरियो रस्त्यावरची बस खच्चून भरलेली. बायकांच्या डोक्यावर लांडग्याचे कान. शकीराचे चाहते तिला 'लोबा' म्हणतात, मादी लांडगा. रस्त्यावर कानांचे हेअरबँड विकणारे शेकड्यांनी. घासाघीस करायला माझं स्पॅनिश पुरेना, पण आईचं 'अहा' पुरलं. तिने कानांचे दोन जोड विकत घेतले आणि एक स्वतः घातला. सदुसष्टाव्या वर्षी, पांढऱ्या केसांवर, काळे लोकरीचे कान.

आत शिरल्यावर मनगटावर बांधायला एक पट्टा मिळाला. कार्यक्रम वेळेवर सुरू होईल असं मानणारी त्या गर्दीत आई एकटीच होती. अखेर दिवे गेले, आणि ती रंगमंचावर आलीच नाही. ती आली प्रेक्षकांमधून. चमचमत्या कपड्यांतल्या नर्तिकांच्या घोळक्यात, मैदानातल्या माणसांच्या मधून वाट काढत, चालत. आमच्यापासून बऱ्याच लांब होती, पडद्यावरच नीट दिसली. पण ती जिथून जात होती तिथून आरडाओरड्याची लाट उठत होती, त्यावरून ती कुठे पोचलीय ते डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

कार्यक्रमाचं वर्णन गाण्यागणिक करणार नाही, ते व्हिडिओंत पाहा. कपडे बदलण्याच्या मधल्या चित्रफिती मला लांबल्यासारख्या वाटल्या, आणि नव्या गाण्यांत पडद्याचा झगमगाट गाण्यावर चढतो. पण दोन जागा सांगण्यासारख्या. 'हिप्स डोन्ट लाय'मध्ये बारान्कियाचं नाव येतं. जगभरच्या स्टेडियममध्ये लोक ते नुसतं ओरडत असतील. इथे ते नाव आलं तेव्हा माझ्या पुढचा पन्नाशीचा गृहस्थ छातीवर हात ठेवून थांबला, नाचायचाच थांबला. सगळे पट्टे एकदम उजळले आणि मला तोच दिसत राहिला.

दुसरी जागा 'अंतोलोखिया'. १९९५च्या अल्बममधलं संथ गाणं, तेव्हा ती अठरा वर्षांची. तिने पहिली ओळ घेतली आणि पुढचं गाणं तिला फारसं गावंच लागलं नाही. आमच्या शेजारची विशीतली मुलगी हुंदके देत होती, तिच्या पलीकडची तिची आई, तिच्याही पलीकडची मावशी असावी, तीही. 'बायका आता रडत नाहीत' नावाच्या कार्यक्रमात एवढ्या बायका एकदम रडताना मी प्रथमच पाहिल्या. आईने पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढून ओळीने सगळ्यांना वाटल्या.

खरं तर प्रवासवर्णन इथे संपायला हवं. पण २१ला दुसरा कार्यक्रम होता आणि आमच्याकडे तिकीट नव्हतं. संध्याकाळी आम्ही सामान आवरत होतो तर मालकीणबाई वर आल्या. पायात चपला, हातात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. "चला."

"कुठे?"

"शकीराला ऐकायला. मी दर वेळी बाहेरूनच ऐकते. आत फार गर्दी असते, तुम्ही बघितलीत ना."

स्टेडियमच्या अलीकडच्या एका गल्लीत त्यांची बहीण राहते. तिच्या दारापुढे आधीच पंधरा-वीस खुर्च्या मांडलेल्या होत्या. कुणी भावाची बायको, कुणी शेजारी, झोळीत झोपलेलं एक बाळ. पलीकडे रास्पाओवाला हातगाडीवर बर्फ किसत होता. आपला गोळाच, फक्त वरून आटवलेलं दूध ओततात. आतलं काहीच दिसत नव्हतं, फक्त आभाळात उजेड हलत होता. आवाज मात्र वाऱ्यावर स्वच्छ येत होता, आणि वारा फिरला की गल्लीतले लोक गाण्याचा तुटलेला धागा स्वतः गाऊन जोडून घेत होते. आदल्या रात्री पडद्याकडे बघण्याच्या नादात मला ऐकूच न आलेलं बरंच काही त्या रात्री ऐकू आलं. ड्रमच्या मागे वाजणारी बासरी, तिचा मधेच फाटणारा आवाज. पाच दिवसांपूर्वीचं आजारपण त्यात असेल किंवा नसेल.

मालकीणबाईंची बहीण कुणालाच न सांगता उठून नाचायला लागली. कमरेत फारसं हलणं नाही, पाय जमिनीला चिकटलेले, सरकत सरकत. कुंबिया या इथल्या लोकनृत्याचा तसलाच ठेका असतो. आईला हात धरून ओढलं. आई "अहा, अहा" करत राहिली, आणि मग नाचली. मंगळागौरीला नाचते तशीच, फक्त उलट्या दिशेने गोल.

शेवटच्या गाण्यांपैकी एकात लांडग्यासारखं ओरडायचं असतं. आतून हजारो माणसांनी एकदम हूऽऽऽ केलं आणि गल्लीतली सगळी कुत्री उभी राहिली. आधी एक, मग चार, मग पलीकडच्या गल्लीतलीही. त्यांनी आकाशाकडे तोंड करून उत्तर दिलं. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरायचे बाकी राहिले.

परतताना बस नव्हती, चालतच निघालो. आईच्या डोक्यावर अजून कान होते. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "वांद्र्यालाही असंच ऐकू आलं होतं का?"

मी थांबलेच. "तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवशी तुझे बूट मीच धुतले. सबमिशनला एवढा चिखल लागतो का?"

मागे कार्यक्रम केव्हाच संपला होता. कुत्री मात्र अजून गप्प झाली नव्हती.