काकू, तुमच्या टायरात हवा कमी आहे

रविवारी पहाटे खारघरच्या टेकडीच्या पायथ्याशी चहाला थांबले की कोणी ना कोणी माझ्या सायकलकडे बघून सांगतंच, "काकू, हवा कमी आहे." काळजीपोटी सांगतात, म्हणून मीही थांबून उत्तर देते. मग लगेच दुसरा प्रश्न येतो: "बरं, डोंगरासाठी टायर कुठला घेऊ?" हे दोन प्रश्न इतक्या जणांनी विचारलेत की एकदा बैजवार लिहावं म्हटलं. माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकातच आहे. तुमच्या टायरात किती हवा आहे हे आकड्यात माहीत नसेल, तर टायर कितीही भारी घ्या, तो चांगला की वाईट हे तुम्हाला कळणारच नाही.

मला हे पडून कळलं. पहिल्या वर्षी मी पेट्रोल पंपावर हवा भरून घ्यायचे. अंगठ्याने दाबलं आणि टायर दगडासारखा लागला की समाधान व्हायचं. पामबीच रोडवर सायकल अशी पळायची की हेच बरोबर वाटायचं. ऑगस्टमध्ये टेकडीवरच्या चाफेवाडीकडून उतरताना ओल्या मुरमावर वळले आणि पुढचं चाक सरळ बाजूला निघून गेलं. ब्रेकला हातही लावला नव्हता. उजवं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. दुसऱ्या दिवशी भावाने गेज, म्हणजे हवेचा दाब मोजायचं यंत्र, आणून मोजलं, तर पुढच्या टायरात ५८ पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड, हवेच्या दाबाचं माप). डोंगरासाठी फारच जास्त.

तेव्हा कागद-पेन घेऊन बसले. माझं वजन ६२ किलो, सायकल, पाणी, पिशवी धरून सगळं मिळून ८० च्या आसपास. त्यातलं साधारण ४८ किलो मागच्या चाकावर येतं, बाकीचं पुढच्या. टायर जमिनीला जेवढा टेकतो ती जागा ढोबळमानाने वजन भागिले हवेचा दाब एवढी असते. मागे ६० पीएसआय असेल तर ती जागा जेमतेम ११-१२ चौरस सेंटीमीटर भरते, म्हणजे काड्यापेटीहून लहान. २८ वर आणली की तीच जागा २४ च्या पुढे जाते. टायर तोच, रबर तेच, पैसे एक रुपयाही जास्त गेले नाहीत आणि जमिनीला टेकणारी जागा दुप्पट झाली. शिवाय टणक टायर खड्यावरून उडतो आणि उडालेलं चाक तेवढा वेळ काहीच धरत नाही. मऊ टायर खड्याभोवती बसतो. मुरमाच्या उतारावर हा फरक हँडलमधून हाताला कळतो.

मग हवा काढतच सुटायचं का? तेही मी करून पाहिलं. पुढच्या पावसाळ्यात १८ वर आणली आणि पहिल्याच मोठ्या दगडावर रिम आपटली. ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली गेली. खालपर्यंत सायकल ढकलत आणली. पंक्चरवाल्या काकांनी ट्यूब पाण्यात बुडवली, तर दोन चिरा शेजारी शेजारी, साप चावल्यासारख्या. म्हणाले, "ताई, हे खिळ्याचं नाही. हे हवेचं पंक्चर." त्यांची एक सवय मी तिथेच उचलली. नवी ट्यूब घालण्याआधी ते टायरच्या आतून पूर्ण गोल बोट फिरवतात, अगदी हळू. सायन-पनवेल हायवेवर फुटलेल्या ट्रक टायरांमधली केसाएवढी तार पडलेली असते. ती टायरात घुसून बसते, डोळ्याला दिसत नाही, पण तीन दिवसांत तीन ट्यूबा खाते.

तर तुमचा आकडा तुम्हीच शोधायचा. गेज असलेला पंप घ्या, नाहीतर सुटं गेज घ्या, पण ते एकच ठेवा, कारण दोन गेज सहसा एक आकडा दाखवत नाहीत. टायरच्या अंगावर जो दाब छापलेला असतो ती कमाल मर्यादा आहे. तेवढी हवा भरा असा त्याचा अर्थ नाही, हे मी दर आठवड्याला कोणाला तरी सांगते. ट्यूब असेल आणि टायर सव्वादोन इंची असेल, तर ७० किलोच्या माणसाने ३५ पासून सुरुवात करावी. एकच ओळखीचा उतार घ्या, प्रत्येक फेरीला २ पीएसआय कमी करा. वळणावर टायर खाली मुडपल्यासारखा वाटला किंवा रिम दगडाला लागल्याचा टक् आवाज आला, की २-३ वर चढवा आणि तो आकडा लिहून ठेवा. पुढच्या चाकात सहसा मागच्यापेक्षा २-३ कमी, कारण पुढे वजन कमी असतं. माझा आकडा पुढे २५, मागे २८. पावसात पुढे २३. फक्त डांबरावर जायचं असेल तेव्हा ४०.

हवा सकाळीच मोजा. तापमान १० अंशांनी वाढलं की या दाबाला दीडेक पीएसआय वाढतो. एप्रिलमध्ये उन्हात उभी केलेली सायकल दुपारी वेगळाच आकडा दाखवते आणि माणूस उगाच हवा सोडून बसतो.

आता टायर. आधी मापाचं बघा, कारण यात पैसे वाया गेलेले मी पाहिलेत. अंगावर ५७-५८४ असं काही छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. ५८४ म्हणजे साडेसत्तावीस इंची चाक, ५५९ म्हणजे सव्वीस, ६२२ म्हणजे एकोणतीस. हा दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. रुंदीत थोडं इकडेतिकडे चालतं, पण फ्रेम आणि टायर यांच्यात बोटभर जागा हवी. आपल्याकडचा पावसाळी चिखल तिथे साचला की चाक फिरायचं थांबतं.

यापुढे मात्र नवी मुंबईचा हिशोब वेगळा आहे. परदेशातले व्हिडिओ बघून लोक दोन्ही चाकांना उंच, विरळ बटणांचे (बटणं म्हणजे टायरवरचे रबरी उंचवटे) टायर मागतात. ते लोक सायकल गाडीवर टाकून थेट जंगलात नेतात. आपण बेलापूर, नेरूळ, वाशीहून डांबर आणि काँक्रीट तुडवत टेकडीपर्यंत जातो आणि तसेच परत येतो. एका रविवारच्या ३५ किलोमीटरमध्ये माती सात-आठ किलोमीटर. मऊ रबराची उंच बटणं मागच्या चाकावर असतील तर रस्ता ती खाऊन टाकतो. म्हणून मी दोन चाकांना दोन वेगळे टायर लावते आणि विचारणाऱ्यालाही तेच सांगते.

पुढे पकड. मऊ रबर, मोकळी बटणं, आणि कडेची बटणं दणकट, कारण वळताना सायकल त्यांच्यावरच झुकते. मागे टिकाऊपणा. कडक रबर, मधली बटणं बुटकी आणि दाट, कडेची जरा मोठी. मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही, माझं मनगट त्याची साक्ष आहे. रबराचा कडकपणा काही कंपन्या ५०, ६० असा आकड्यात देतात. आकडा जितका लहान तितकं रबर मऊ, पकड जास्त, आयुष्य कमी. टीपीआय हाही आकडा दिसेल. एका इंचात किती धागे, ते त्यावरून कळतं. १२० चा टायर हलका आणि लवचिक, ६० चा जाड आणि सोशिक. आपला काळा पाषाण कापल्यासारखा धारदार फुटतो, शिवाय बाभळी-बोरीचे काटे आहेतच, त्यामुळे मी ६० चाच घेते आणि बाजूंना जादा थर असलेला शोधते. चढावर थोडं जड जातं. मला चालतं. कंपनी मॅक्सिस, केंडा, श्वाल्बे, व्हिटोरिया यातली कुठलीही असो, आधी वरचं सगळं बघा, मग नाव.

ट्यूबलेसचं विचारणारे खूप आहेत. काट्यांसाठी ते खरंच उत्तम आहे आणि ट्यूबच नसल्यामुळे ती चिमटण्याचा प्रश्न जातो, हवा आणखी उतरवता येते. पण आतलं सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव, आपल्या उष्म्यात लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी बघून भरावं लागतं. ज्याला एवढं सांभाळायचं आहे त्याने जरूर करावं. मी अजून ट्यूबवर आहे, कारण ट्यूब कुठल्याही नाक्यावर दुरुस्त होते. पिशवीत एक जादा ट्यूब, टायर रिमवरून उचकटायच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या आणि जुन्या टायरचा हाताएवढा तुकडा असतो. टायर बाजूने फाटला तर तो तुकडा आतून लावायचा, घरापर्यंत पोचता येतं.

एक गोष्ट कुठलाच टायर करत नाही: शेवाळ धरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या कातळावर हिरवट चमक दिसली की मी उतरून चालते. गटाराची लोखंडी झाकणं आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले असताना सरळ पार करते, त्यांच्यावर वळत नाही, ब्रेक दाबत नाही.

टायर कधी बदलायचा, हेही विचारतात. मधली बटणं अर्ध्यावर आली, कडेच्या बटणांच्या मुळाशी चिरा पडल्या किंवा बाजूला धागे दिसायला लागले, की बदला. दोन्ही चाकांना एकाच प्रकारचे टायर असतील तर नवा टायर पुढे लावायचा, पुढचा मागे न्यायचा, मागचा काढून टाकायचा. माझ्यासारखे दोन वेगळे असतील तर जो झिजला तोच बदलायचा. झिजलेला कधीच पुढे लावू नका. माझ्या मागच्या टायरची मधली बटणं आता बोटाला लागतात न लागतात. पाऊस सरला की तो बदलणार आहे. कोणाला बघायचं असेल तर त्या रविवारी चहाच्या टपरीवर या, येताना तुमची सायकलही आणा. गेज माझ्याकडे आहे.